वाजवायला जागा

शेवटचा पेशंट साडेनऊला गेला की आमच्या दवाखान्यातल्या ताई शटर अर्धं खाली ओढतात, ऑटोक्लेव्हमधली अवजारं काढून ठेवतात आणि विचारतात, "आज वाजवणार का, मॅडम?" मी हो म्हटलं की त्या घाईघाईने पर्स उचलतात. दिवसभर ड्रिलची घरघर ऐकून ज्यांचे कान किटले नाहीत, त्यांना माझा सॅक्सोफोन सोसवत नाही. मी वाईट वाटून घेत नाही. घरी याहून वाईट झालं होतं. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरून निरोप आला, चौथ्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं, आणि मधल्या काळात सासूबाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे वाद्य आहे की म्हैस अडलीय?"

त्यानंतर वाद्य पवईच्या दवाखान्यात हलवलं. एक्स-रे मशीनच्या मागे त्याची काळी पेटी असते. पन्नाशी ओलांडलेल्या दाताच्या डॉक्टरणीला हे कुठून सुचलं, असं लोक विचारतात. त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. पण कुणामुळे टिकलं, ते सांगता येईल.

माझे सर ऐंशीच्या घरातले आहेत. लहानपणी गोव्यातून माझगावला आले, पुढे हॉटेलांत वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलं. सोसायटीचं पत्र मी त्यांना दाखवलं तेव्हा ते खो खो हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, सॉनी रोलिन्सला पण जागा नव्हती. तो पुलावर गेला."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

सॅक्सोफोन हे वाद्य मुळातच कुणाच्या घरात मावणारं नाही. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने ते लष्करी बँडसाठीही उपयोगी पडावं अशा बेताने घडवलं आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. मैदानात ऐकू जावा असा त्याचा आवाज, आणि आपण ते दहा बाय बाराच्या खोलीत फुंकतो. अंग पितळेचं असलं तरी त्याची गणती बासरी-सनईच्या कुळात होते, कारण आवाज पितळेतून निघत नाही, तोंडाशी बांधलेल्या एका पातळ पत्तीतून निघतो. ही पत्ती म्हणजे रीड. आपल्या बोरूसारख्या पोकळ गवताच्या कांडीतून ती तासतात. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा, त्या ओठाच्या उशीवर रीड ठेवायची आणि फुंकायचं. म्हणजे खालचे दात ओठाला सतत आतून चावत असतात. पहिला महिनाभर माझ्या ओठाच्या आत जखम होती. पेशंटांना ब्रश कसा धरावा हे सांगताना मी मास्क काढत नव्हते.

तर सॉनी रोलिन्स, जॅझमधला सॅक्सोफोनवादक. पाळण्यातलं नाव वॉल्टर थिओडोर. जन्म 7 सप्टेंबर 1930, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. आईबाप कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. घरात भाऊ व्हायोलिन वाजवायचा, बहीण पियानो. धाकट्याला सातव्या-आठव्या वर्षी हवा होता तो सॅक्सोफोन, आणि आईने तो आणून दिला. मग हा कपाटात शिरून वाजवत बसायचा. लटकत्या कपड्यांमध्ये आवाज मुरतो आणि शेजाऱ्यांची कटकट होत नाही. आई जेवायला हाका मारून थकायची. पुढे आयुष्यभर या माणसाने जे केलं ते सगळं त्या कपाटात सुरू झालेलं दिसतं: वाजवायला जागा शोधायची, आणि सापडली की तिथून बाहेर यायचं नाही.

तेव्हाचं हार्लेम म्हणजे आपल्याकडे एखाद्या पेठेत किंवा गिरगावातल्या एखाद्या गल्लीत सगळे मोठे गवई राहात असावेत, तसं. टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मानाचं पान मिळवून देणारा कोलमन हॉकिन्स जवळच राहायचा. हा पोरगा त्याचा फोटो हातात घेऊन त्याच्या दाराशी पायरीवर सहीसाठी थांबला होता. मोठा झाल्यावर त्याने आल्टो सोडून टेनर धरला, तो त्याच्याच नादाने. आल्टो लहान आणि चढ्या आवाजाचा, टेनर त्याहून मोठा आणि भारदस्त. आमच्या सासूबाईंनी ज्याला म्हैस म्हटलं तो टेनरच. पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी शाळकरी वयात रोलिन्स तालमीला जात असे. एकोणिसाव्या वर्षी बड पॉवेलसारख्या बड्या पियानोवादकासोबत त्याच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या.

आणि त्याच सुमारास हेरॉइन. त्या पिढीतले कितीतरी वादक त्यात गेले. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखंच जगावं लागतं, असा खुळा समज पसरलेला. रोलिन्सने सशस्त्र चोरीच्या गुन्ह्यात रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने काढले, पॅरोलच्या अटी मोडून पुन्हा आत गेला. 1955 साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात त्याने उपचार घेतले आणि तिथून तो घरी न जाता शिकागोला गेला. वायएमसीएत राहिला, झाडलोट करणारा सफाईवाला म्हणून नोकरी केली. एके रात्री स्वतःची परीक्षा घ्यायला मुद्दाम जॅझच्या क्लबात गेला. जुने सोबती भेटले, चल म्हणाले. तळहाताला घाम फुटला, पण तो तसाच परत आला. माझ्या खुर्चीत तंबाखू सोडलेले पेशंट येतात. नाक्यावरच्या टपरीसमोरून न थांबता जाणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे धबधबा. ड्रमवादक मॅक्स रोच आणि ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन यांच्या वाद्यवृंदात तो गेला. ब्राउन त्याच्याच वयाचा, निर्व्यसनी, शांत. स्वच्छ राहूनही असं वाजवता येतं, हे रोलिन्सने त्याच्याकडे बघून मनाशी पक्कं केलं. 22 जून 1956 रोजी रोलिन्सने रोचला ड्रमवर घेऊन 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. चार दिवसांनी मोटार अपघातात ब्राउन गेला. वय पंचवीस.

तो अल्बम जिथे झाला त्या जागेविषयी सांगितलंच पाहिजे, कारण मला ती गोष्ट फार आवडते. रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. जॅझमधल्या कितीतरी अजरामर रेकॉर्ड त्या बैठकीच्या खोलीत झाल्या आहेत. चष्मेवाल्याला जमतं तर दातवाल्या बाईला का नाही, असं मी घरी म्हणून पाहिलं. परिणाम झाला नाही.

या अल्बमचा पहिला तुकडा 'सेंट थॉमस'. रोलिन्सच्या आईच्या बेटाचं नाव. लहानपणी आई जी चाल गुणगुणायची तिच्यावर तो बेतलेला आहे. कॅलिप्सो, म्हणजे त्या बेटांवरची नाचरी लय. ज्यांना जॅझ डोक्यावरून जातं असं वाटतं त्यांना मी हाच ऐकवते. आमच्या ताईंनीसुद्धा यावर मान हलवली होती (मी नव्हे, रोलिन्स वाजवत होता).

जॅझमध्ये नेमकं चालतं काय? आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. आपल्याकडची बंदिश म्हणा. तिच्याखाली स्वरसंघांची, म्हणजे कॉर्डची, एक ठरलेली साखळी असते. चाल संपली तरी साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते, तालाच्या आवर्तनासारखी, आणि एकेक वादक त्या आवर्तनांवर स्वतःची उपज करतो. बहुतेक वादक या वेळी मूळ चाल मागे टाकून कॉर्डमधल्या स्वरांवर धावतात. रोलिन्स चालीतला एक बारका तुकडा उचलतो, चारदोन स्वरांचा. तो उलटा करतो, लांबवतो, अर्ध्यावर सोडतो, विसरल्यासारखं करतो आणि भलत्याच ठिकाणी पुन्हा पुढ्यात ठेवतो. मुखड्याच्या एका शब्दावर बढत करणारा गवई ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे समजवावं लागत नाही. त्याच अल्बममधल्या 'ब्लू सेव्हन'वर गुंथर शुलर या संगीतकार-समीक्षकाने 1958 साली स्वर न् स्वर उलगडणारा लेख लिहिला. लेखात स्तुतीच होती. पण वाचून रोलिन्स बावचळला. आपण नकळत करतो ते असं कागदावर मांडलेलं पाहिलं, आणि वाजवताना तेच आठवायला लागलं. पुढे त्याने स्वतःवरचं लिखाण वाचणं टाळलं. चालताना कुठला पाय आधी टाकता असं कुणी विचारलं की माणूस अडखळतो, तसंच हे.

1957 साली लॉस एंजेलिसमध्ये त्याने पियानोच काढून टाकला. बाकीचे दोघे वादक दिवसभर दुसरीकडे गुंतलेले, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे तीनला सुरू झालं: सॅक्सोफोन, उभा बास आणि ड्रम. पियानो नाही म्हणजे कॉर्डची साखळी ऐकवणारं कुणी नाही, ती वादकाने आपल्या स्वरांतून सुचवायची. पेटीची साथ काढून घेतली की गायकाला जसं उघडं वाटतं आणि मोकळंही, तसं. त्या 'वे आउट वेस्ट' अल्बमच्या मुखपृष्ठावर हा माणूस वाळवंटात काउबॉयची हॅट घालून, कमरेला पट्टा लावून, बंदुकीच्या जागी सॅक्सोफोन धरून उभा आहे. लहानपणी पाहिलेल्या सिनेमांची हौस त्याने अशी भागवून घेतली. पण मला त्यात मिस्कीलपणाच्या आत आणखीही काही दिसतं. पडद्यावरच्या काउबॉयांत कृष्णवर्णीय चेहरा तेव्हा सहसा नसायचा. पुढच्याच वर्षी 'फ्रीडम स्वीट' आलं, एकोणीस मिनिटांहून लांब, काळ्या माणसाच्या स्वातंत्र्याविषयी उघड बोलणारं. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून याची स्तुती छापून येत होती आणि न्यूयॉर्कमध्ये कातडीच्या रंगापायी याला भाड्याने घर मिळायला मारामार होती.

आणि मग 1959 च्या उन्हाळ्यात त्याने वाजवणं थांबवलं. कार्यक्रम बंद, रेकॉर्डिंग बंद. वय अठ्ठावीस. सगळे म्हणत होते, हाच आजचा सगळ्यात मोठा टेनरवाला. त्याला स्वतःला ते पटत नव्हतं. लोक नावावर भाळून येतात आणि आपण त्यांना अपुरं काहीतरी देतो, असं त्याला वाटू लागलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात टेनरवादक जॉन कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कला येऊन जॅझची घडीच विस्कटणार होता. अशा वेळी कुणी दुकान बंद करतं का? धंदा म्हणून पाहिलं तर शुद्ध वेडेपणा. आमच्या नाक्यावर नवीन डेंटल क्लिनिक निघालं तेव्हा मी रविवारची सुट्टी रद्द केली होती.

तो तेव्हा ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारची बाई गरोदर होती. हिला त्रास नको, म्हणून घरात वाजवायची चोरी. एकदा सहज फिरताना विल्यम्सबर्ग पुलाच्या पायऱ्या दिसल्या. वर गेला. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये ईस्ट रिव्हरवर 1903 साली बांधलेला हा सव्वादोन किलोमीटरचा लोखंडी पूल. मधून आगगाड्या खडखडतात, बाजूने मोटारी, खाली बोटींचे भोंगे, वर पादचाऱ्यांचा रस्ता आणि आभाळ. तिथे कितीही जोरात फुंकलं तरी कुणाची झोप मोडत नव्हती. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला सगळ्यात गोंगाटाची जागा मिळाली.

दोन वर्षांहून अधिक काळ तो तिथे जात राहिला. दिवसाला पंधरा-सोळा तासही. थंडीतसुद्धा. बोटीचा भोंगा वाजला की त्याला स्वराने उत्तर द्यायचा. कधी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह लेसी सोबतीला यायचा. येणारे-जाणारे बघायचे आणि पुढे जायचे. न्यूयॉर्ककर आणि मुंबईकर यात फरक नसावा. 1961 साली एका मासिकात नाव आणि पूल बदलून ही हकिकत छापून आली, आणि गुपित फुटलं.

सरांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पण एवढे तास करायचा काय?" सर म्हणाले, "लाँग टोन." एक स्वर धरायचा, हळू सुरू करायचा, फुगवायचा, परत हळू करत संपवायचा. मग दुसरा. आपला खर्जाचा रियाझ. फक्त इथे श्वास संपला की हिशेब लगेच कळतो.

1961 च्या नोव्हेंबरात तो परतला आणि 1962 मध्ये 'द ब्रिज' हा अल्बम आला. गंमत अशी की काही समीक्षकांची निराशा झाली. दोन वर्षं तप केलं म्हणजे हा आता काही तरी अघटित घेऊन उतरेल, अशी त्यांची अपेक्षा. आणि याने जिम हॉलची मऊ गिटार सोबतीला घेऊन जुन्याच वाटेवरचं संगीत ऐकवलं. मला हे फार भावतं. पुलावर तो नवीन काही शोधायला गेलाच नव्हता. आपला स्वर आपल्या कानाला पटावा, एवढ्यासाठी गेला होता. ज्यांना बदल ऐकू आला नाही ते बदल भलतीकडे शोधत होते. पुढच्या वर्षी तो ज्याच्या पायरीवर सहीसाठी बसला होता त्या हॉकिन्सबरोबर त्याचा अल्बम निघाला. त्यात तो आपल्या दैवतासारखं वाजवण्याचं कटाक्षाने टाळतो. इतकं की काही ठिकाणी वाकडंच वाजवतो. ज्याची नक्कल करत वाढलो त्याच्यासमोर स्वतःचाच आवाज काढायचा, हा आदराचा एक अवघड प्रकार आहे.

एक अवांतर. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेत रात्री पुलावर सॅक्सोफोन वाजवणारा एक म्हातारा आहे. तो रोलिन्सवरूनच सुचला असं मानलं जातं. त्याचं नाव ब्लीडिंग गम्स मर्फी, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणारा मर्फी, कारण तो कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेलेला नाही. मुलीने हे दाखवल्यापासून मला त्या मर्फीची काळजी वाटते.

आणि आता पवई. साकी विहार रोडवर स्वामी चिन्मयानंदांनी 1963 साली सुरू केलेलं सांदीपनी साधनालय आहे. त्या फाटकावरून मी रोज ये-जा करते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सॉनी रोलिन्स मुंबईत उतरला तो एक बॅग आणि सॅक्सोफोन घेऊन, आणि या आश्रमात येऊन राहिला. काही महिने. तेव्हा पवई म्हणजे मुंबईच्या वेशीबाहेरचं रान, तलाव आणि डोंगर. योगानंदांचं आत्मचरित्र त्याने वाचलं होतं, योगासनं करत होता. अडचण एकच: डोळे मिटून ध्यानाला बसलं की मन ठरत नसे. हे त्याने स्वामींना सांगितलं. पुढे त्याने कितीतरी मुलाखतींत ही आठवण सांगितली आहे: तू वाजवतोस तेव्हा तुझं ध्यानच चाललेलं असतं, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं.

ही गोष्ट मला सरांकडून कळली तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. सव्वीस वर्षं मी त्या रस्त्याने जाते. ट्रॅफिकमध्ये त्या फाटकासमोर गाडी अडकली की हॉर्न वाजवते. आता वाजवत नाही, एवढाच माझा आध्यात्मिक विकास.

1978 साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो पुन्हा इथे येऊन वाजवून गेला. सर ऐकायला गेले होते. "कसं वाजवलं?" असं विचारलं तर ते फक्त हात पसरून दाखवतात, एवढा मोठा आवाज.

पुढच्या वर्षांत त्याने रॉक बँड रोलिंग स्टोन्सच्या अल्बमवर वाजवलं. 1986 मध्ये एका खुल्या मैफलीत मंचावरून खाली उडी मारली, टाच मोडली आणि पडल्या पडल्या पाठीवरच वाजवत राहिला. पण मला सांगायचाय तो 2001 चा सप्टेंबर. तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून सहा गल्ल्यांवर उंच इमारतीत राहात होता. मनोरे कोसळले, वीज गेली. संध्याकाळी सवयीप्रमाणे त्याने वाद्य उचललं, खोल श्वास घेतला, आणि हवेतलं ते सगळं पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी करायला लावली तेव्हा एकाहत्तर वर्षांचा हा माणूस सॅक्सोफोन घेऊन जिने उतरला. बॉस्टनचा कार्यक्रम रद्द करावा असं त्याच्या मनात होतं. बायको ल्युसिल म्हणाली, करायचा. 15 सप्टेंबरला त्याने बॉस्टनमध्ये वाजवलं. ते ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या एका तुकड्याला ग्रॅमी मिळालं.

2012 नंतर त्याने जाहीर कार्यक्रम केला नाही. पल्मनरी फायब्रोसिस. फुप्फुसं घट्ट होत जातात, हवा आत मावत नाही. शेवटी जागा संपली ती तिथे. हार्लेममधल्या शॉम्बर्ग संशोधन केंद्राने त्याची कागदपत्रं घेतली. त्यांत रियाझाच्या वह्या आहेत: बोटं कुठे ठेवायची, ओठ कसा धरायचा, स्वतःलाच दिलेल्या सूचना. कपाटापासून काही गल्ल्यांच्या अंतरावर त्या परत आल्या.

काल ताई गेल्यावर मी शटर पूर्ण खाली ओढलं, एसी बंद केला आणि खालचा सा धरला. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत. सतरा सेकंद टिकला, शेवटचे दोन थरथरले. सरांना फोन करून सांगितलं.

"वीस कर," म्हणाले, आणि फोन ठेवला.